‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य ख्रिस्ती मंडळीतून गेलं पाहिजे

सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, भेटीच्या वेळेत एखाद्या खाटेभोवती चार-पाच माणसं डोळे मिटून उभी दिसतात. एकाच्या हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, एकीच्या हातात तेलाची लहान बाटली. रुग्ण कधी अक्कलकोट-मोहोळकडचा, कधी धाराशिवचा, कधी सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीचा. प्रार्थना मराठीत सुरू होते, मधेच कुणी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये ती पुढे नेतं. ही आपल्या शहराची मोठी ठेव आहे आणि ती टिकली पाहिजे. माझं म्हणणं त्या प्रार्थनेविरुद्ध नाही. नंतर जिना उतरताना, किंवा महिन्याभराने तोच रुग्ण गेल्यावर सांत्वन सभेच्या कोपऱ्यात, एक वाक्य हळू आवाजात बोललं जातं, त्याविरुद्ध आहे. ‘त्यांचा विश्वास कमी पडला.’

हे वाक्य शास्त्राला धरून नाही, आणि त्यामुळे माणसं मरतात. दोन्ही गोष्टी तपशिलात सांगणं गरजेचं आहे, कारण ‘असं बोलू नये बरं’ एवढ्या सौम्य समजुतीने ते जात नाही.

ते आलं कुठून? एक वाट जुनी आहे. ‘भोग आहेत’, ‘मागच्या जन्माचं फेडतोय’ ही भाषा आपल्या सगळ्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेली असते. ख्रिस्ती घरांत मागचा जन्म गेला, पण हिशोबाची वही तशीच राहिली. आजार म्हणजे कुणाच्या तरी पापाची वसुली, हा समज शब्द बदलून आत आला. येशूच्या शिष्यांच्या डोक्यातही तीच वही होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच ते विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूचं उत्तर सरळ आहे: याचंही नाही, आईबापांचंही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट निघते. ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का, असं येशूच विचारतो आणि नाही म्हणतो. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण खाटेवरच्या माणसाचा हिशोब मांडायला बसतो.

दुसरी वाट नवी आहे. मोठ्या मांडवातल्या आणि मोबाईलवरच्या आरोग्यदानाच्या सभांतून एक समीकरण घरोघरी पोचलं: पूर्ण विश्वास ठेवला तर बरं होणारच. या समीकरणाची दुसरी बाजू कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. बरा झाला नाही, म्हणजे विश्वास पूर्ण नव्हता. आधीच दुखण्याने पिचलेल्या माणसाच्या उशाशी आपण अपराधाची भावना ठेवून येतो.

समीकरण मांडणाऱ्यांनी ईयोबाचं, म्हणजे निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या माणसाचं, पुस्तक एकदा शेवटापर्यंत वाचावं. बहुतेक प्रवचनांत पहिले दोन अध्याय आणि बेचाळिसावा एवढंच येतं: गेलं, सोसलं, दुप्पट मिळालं. मधल्या एकोणचाळीस अध्यायांत ईयोब ओरडतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात उभं करायला निघतो. तिघे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. ते त्यांचं सर्वांत चांगलं काम. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी फिरून फिरून एकच सांगितलं की काहीतरी केलं असशील, कबूल कर. त्यांची वाक्यं सुटी काढून वाचली तर भक्तिपर वाटतात, आजच्या सांत्वन सभेत सहज खपून जातील. पण शेवटी देवाचा राग कुणावर होतो? अलीफजवर आणि त्याच्या दोन मित्रांवर. माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत, असा निकाल आहे. ओरडणारा यथार्थ ठरला आणि देवाची बाजू सांभाळणाऱ्यांना सात बैल आणि सात मेंढ्यांचं होमार्पण करावं लागलं, तेही ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी या अटीवर.

‘दुप्पट मिळालं’ हेही नीट मोजून पाहावं. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार, बैलांच्या पाचशे जोड्यांच्या हजार. मुलं मात्र आधी सात मुलगे आणि तीन मुली होती, नंतरही सात आणि तीनच. मेलेली दहा लेकरं परत आली नाहीत, आणि लिहिणाऱ्याने तिथे दुप्पट करून भरपाई झाल्याचं दाखवलं नाही. लेकरू गेलेल्या आईला ‘देव दुपटीने देईल’ म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत. अडतिसाव्या अध्यायापासून देव स्वतः बोलतो, पण पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणं झालं ते ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही. त्याला कारण मिळालं नाही, देव भेटला. ख्रिस्ती माणसाचा दुःखातला भरवसा उभा आहे तो याच जागेवर, आणि ही जागा समीकरणाइतकी सोपी नाही हे मला मान्य आहे.

नव्या करारातही तेच. गेथशेमाने बागेत येशूने समोर आलेल्या दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनवलं. प्याला टळला नाही, काटा निघाला नाही, आणि पौलाला उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. ‘विश्वास कमी पडला’ हा निकष या दोघांना लावण्याचं धाडस कुणी करणार का?

आता दुसरी बाजू, जिथे जीव जातो.

सोलापूर हे बिडी वळणाऱ्या बायांचं आणि यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणाऱ्यांचं शहर. तंबाखूची धूळ, सुताची धूळ, लहान खोल्या. इथे खोकला हा रोजचा सोबती असतो, म्हणून क्षयरोग उशिरा लक्षात येतो. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. नेमकी अडचण इथे होते. काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढायला लागतं. रुग्णाला बरं वाटतं, मंडळीला वाटतं प्रभूने बरं केलं, रविवारी साक्ष होते, म्हणजे देवाने बरं केल्याचं तो सगळ्यांपुढे सांगतो, टाळ्या पडतात. साक्ष दिलेल्या माणसाला सोमवारी सकाळी गोळी घेणं अवघड होतं, कारण गोळी घेतली तर साक्ष खोटी ठरते असं त्याला वाटतं. फुप्फुसात उरलेले जंतू मात्र जिवंत असतात. गोळ्या मधेच सुटल्या की दुखणं उलटतं, आणि उलटलेलं दुखणं औषधांना दाद न देणारं असण्याचा धोका वाढतो. मग उपचार अधिक कडक, आणि घरातल्या लहान मुलांनाही तोच जंतू लागण्याची भीती. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते, एवढं आधी सांगितलं नाही म्हणूनही काहीजण घाबरून औषध सोडतात. हे सांगायला डॉक्टरच हवा असं नाही, भेटीला जाणारी बहीणही सांगू शकते. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं, त्याच दिवशी जाऊन.

फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हाल आणखी वाईट. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलाचा दाखला देऊन प्रत्येक फिटला दुष्टात्मा ठरवलं जातं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात, चोविसाव्या वचनात, भूतग्रस्त आणि फेफरेकरी हे दोन वेगळे शब्द एकाच यादीत शेजारी आहेत. शुभवर्तमान लिहिणाऱ्याला फरक कळत होता, तो आपल्यालाही कळला पाहिजे. फिटची गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन मूल दगावू शकतं. फिट आली की मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, दाबून धरू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. प्रार्थना करायला या पाच मिनिटांत कुणाची मनाई नाही.

उपास-प्रार्थनेचंही तसंच. चाळीस दिवसांचा उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, सोलापूरचं ऊन तेव्हा चढत असतं. इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असलेल्या माणसाने नेहमीचा डोस घेऊन दिवसभर काही खाल्लं नाही तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही तिची लक्षणं. हे ‘आत्म्याचं काम’ समजून गाणं वाढवत नेण्याची चूक होऊ नये. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. आणि मुळात अशा माणसाने काय वर्ज्य करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. लहानपणी मधुमेह जडलेल्या मुलाचं इन्सुलिन तर एक दिवसही बंद करू नये. त्याच्या रक्तात आम्ल साठून तो एक-दोन दिवसांत बेशुद्ध पडू शकतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक असतो: मग याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं का सांगितलंय? सांगितलंय, आणि ते करायचंच. पण त्याच शास्त्रात हिज्कीया राजाला देव पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून देतो आणि यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. वचन आधीच मिळालेलं, तरी लेप लावला. पौलाबरोबर लूक हा वैद्य होता. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीसाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि दुसरा सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून तो पुढे गेला. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं त्याने लिहिलेलं नाही. तेल आणि गोळी एकमेकांच्या विरोधात उभी करण्याला शास्त्रात आधार नाही.

काही जण म्हणतात, आरोग्यदानाच्या सभांवर कायद्यानेच बंदी घालावी. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणाऱ्याला तो पकडतो. तो वापरावा. पण जिन्यात कुजबुजलेल्या वाक्याला कुठलं कलम लागणार? ते काम मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचं आणि पाळकांचं आहे. कमिटीने ठराव करून एक नियम व्यासपीठावरून वाचावा: आरोग्याची साक्ष द्यायची असेल त्याने उपचार चालू असतील तर तेही त्याच साक्षीत सांगायचं. ‘प्रभूने उभं केलं, गोळ्यांचे अजून चार महिने आहेत, माझ्यासाठी प्रार्थना करा.’ एवढ्या एका वाक्याने गोळी आणि साक्ष यांचं भांडण मिटतं.

आणखी एक शब्द आपण वाईट वापरतो, तो म्हणजे क्रूस. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला ‘हा तुझा क्रूस आहे, उचल’ असं सांगितलं जातं, कधी सासू सांगते, कधी मंडळीतलीच वडीलधारी बाई. मार्कच्या आठव्या अध्यायात क्रूस उचलायला सांगितलाय तो येशूच्या मागे जाताना, स्वतःच्या इच्छेने. दुसऱ्याच्या हातचा मार म्हणजे क्रूस नव्हे, तो त्या दुसऱ्याचा अपराध आहे. स्वतःच्याच गावच्या नासरेथकरांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतलं तेव्हा पौलाला रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं, आणि यरुशलेमेत फटके बसायची वेळ आली तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा वापरणारी, १८१ ला फोन करणारी बहीण विश्वासात कच्ची ठरत नाही. पौलाने जे केलं तेच ती करते.

मनाच्या दुखण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे शास्त्रच सगळ्यात स्पष्ट आहे. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर. उदास माणसाला ‘आनंद करा असं लिहिलंय’ सांगण्याआधी तो झोपला का, जेवला का हे विचारावं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, हे घरच्यांना सांगून ठेवावं, नाहीतर दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद होतात. जीव देण्याची भाषा आली तर एकटं सोडू नये. १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी मोफत बोलता येतं.

मग भरवसा म्हणजे नेमकं काय उरलं? पुष्कळ उरलं. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात तिघे तरुण राजाला सांगतात की आमचा देव भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘तरी’ हा शब्द समीकरणात बसत नाही. हबक्कूक संदेष्टा अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशी यादी देऊन मग आनंद करतो. दुष्काळी जिल्ह्यात राहणाऱ्यांना ती यादी समजावून सांगावी लागत नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या जिल्ह्यावरून गेला तेव्हा इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालेलं होतं. इथल्या मंडळ्यांची मुळं सुगीत रुजलेली नाहीत.

पुण्याकडे जाणाऱ्या आपल्याच रेल्वेमार्गावरचं केडगाव घ्या. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये पती पटकीने गेले, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्या बाईंनी दुष्काळातल्या मुलींना आणून मुक्तीमध्ये ठेवलं, त्यांच्या पाण्यासाठी विहिरी खणल्या, हाताला विणकाम आणि छपाई शिकवली, आणि पवित्र शास्त्राचं भाषांतर आयुष्याच्या अखेरीपर्यंत केलं. त्यांची प्रार्थना आणि त्यांची कुदळ वेगळी काढता येत नाही. इतक्या मृत्यूंनंतर त्यांच्या विश्वासाचं माप काढायला कुणी बसलं तर त्याला काय म्हणावं?

माझं म्हणणं असं की सोलापूरच्या मंडळ्यांनी विलाप करायला पुन्हा शिकावं. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्या रविवारच्या गाण्यांत हे प्रमाण किती, ते महिनाभर मोजून पाहावं. जे रडणं आपण घरी लपवून ठेवतो ते इस्राएल लोक मंदिरात गात होते. तेराव्या स्तोत्रात दोन वचनांत चार वेळा ‘कुठवर’ विचारलंय. विलापगीताची पहिली चार प्रकरणं इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत, म्हणजे दुःखाला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण जागा दिलेली आहे, घाई केलेली नाही.

विलापाची प्रार्थना करायला अवघड नाही. तेरावं स्तोत्रच साचा म्हणून घ्यावं. आधी देवाला नावाने हाक. मग तक्रार, गुळमुळीत न करता: पगार बंद आहे, पोराची किडनी गेली, तू गप्प आहेस. मग एक नेमकी मागणी, ‘सगळं ठीक कर’ अशी मोघम नको. मग देवाने पूर्वी केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण. आणि जमलं तरच स्तुती. इथेच बहुतेक वेळा चुकतं. तक्रारीला अर्धं मिनिट देऊन आपण स्तुतीवर उडी मारतो, कारण पुढाऱ्याला रडणं सहन होत नाही. ज्याच्या तोंडी अजून स्तुती येत नाही त्याने चौथ्या पायरीवरच आमेन म्हणावं. पूर्ण प्रार्थना झाली असंच ते धरावं.

भेटीचंही शिक्षण द्यायला हवं. एका वेळी दोघं, फार तर तिघं, आणि दवाखान्यात पंधरा मिनिटांच्या वर नाही. बसून बोलावं, उभं राहून नाही. काय मागू प्रार्थनेत, हे रुग्णाला विचारावं, त्याला कधी कधी बरं होण्यापेक्षा रात्रीची झोप हवी असते. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन खरं आहे, पण मयताच्या घरी पहिल्या आठवड्यात ते आपण होऊन काढू नये. त्याच पत्रात, बाराव्या अध्यायात, रडणाऱ्यांबरोबर रडा असंही लिहिलंय, ते आधी करावं. सांत्वनाला गर्दी पहिल्या दहा दिवसांत होते. घर खऱ्या अर्थाने रिकामं होतं ते तिसऱ्या महिन्यात, पहिल्या नाताळला, वाढदिवसाला. स्त्री मंडळाच्या वहीत मयताची तारीख लिहून त्यापुढे या तारखाही लिहून ठेवाव्यात, आणि त्या दिवशी भाकरी-भाजीचा डबा जावा. क्षयरोगाच्या रुग्णाच्या नावापुढे गोळ्या संपण्याची तारीख असावी. बिडी वळणारी बाई आजारी पडली की हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागची मजुरी, बंद होते आणि त्या आठवड्याचं रेशन अडतं, म्हणून दानपेटीतला काही भाग अशा आठवड्यांसाठी आधीच बाजूला ठेवावा.

आणि वर्षातून एका रविवारी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पूर्ण वाचावं. ते अंधारावर संपतं, शेवटी दिलाशाचं एकही वचन नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर दुसरं वचन जोडू नये, लगेच गाणं सुरू करू नये. दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसावं. मागच्या बाकावर अशी माणसं बसलेली असतात की ज्यांनी वर्षभर साक्षीच्या वेळी मान खाली घातलेली असते. त्यांना वर बघायला तेवढा वेळ लागतो.